मुद्देमाल क्रमांक एक

जानेवारी १९७३, तिसरा रविवार. रक्कम एक रुपया. हजर: कायद्याचे सर, वर्गातले एकवीस विद्यार्थी, माझ्या गावचे दीडएकशे लोक आणि चावडीच्या पायरीखाली उभे असलेले माझे वडील. आम्ही त्यांना आबा म्हणत असू.

तो रुपया म्हणजे नाटकातला दंड. नगरला मी कायद्याच्या पहिल्या वर्षाला होतो. सरांचं म्हणणं असं की, हक्क नुसते पुस्तकातून कळत नाहीत. ते गावात जाऊन लोकांसमोर मांडले की विद्यार्थ्यालाही कळतात आणि गावालाही. म्हणून अभिरूप न्यायालय. खटला अस्पृश्यता गुन्हे कायद्याखालचा: हॉटेलवाला फिर्यादीला वेगळ्या कपात चहा देतो. न्यायाधीश स्वतः सर. गाव माझंच ठरलं, सोनईपासून चार मैलांवरचं, कारण वर्गातला जयवंत तिथल्या पाटलांचा मुलगा आणि जेवणाची सोय पाटील करणार होते. आबा त्याच पाटलांकडे सालगडी होते. आम्ही बौद्ध होऊन पंधरा वर्षं झाली होती. गावाने ते काही मनावर घेतलं नव्हतं.

नाटकात मला सरकारी वकील व्हायचं होतं. कलम चार मला तोंडपाठ होतं, शिक्षेसकट: सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वर्गात मी हात वर केला. सर म्हणाले, "वकील जयवंत करील. तू फिर्यादी हो. तुला अभिनय करावा लागणार नाही."

वर्ग हसला. मीही हसलो. हे लिहिताना सगळ्यात जड जातं ते हेच.

पुराव्यासाठी कप हवा होता. चावडीला लागून बबनशेठचं हॉटेल. त्याच्या बाहेरच्या भिंतीत एक कोनाडा होता, त्यात आमच्या वस्तीसाठी दोन कप. एकाचा कान तुटलेला. तो कप मीच काढून आणला, कारण दुसरं कोणी त्याला हात लावणार नव्हतं. अक्षर बरं म्हणून चिठ्ठीही मीच लिहिली, 'मुद्देमाल क्रमांक एक', आणि खळीने कपावर चिकटवली.

नाटक तासभर चाललं. लोकांना मजा आली. आरोपी झालेल्या मुलाने बबनशेठची नक्कल केली तेव्हा खुद्द बबनशेठही हसला. गुन्हा शाबीत झाला. सरांनी एक रुपया दंड सुनावला. जयवंतने आरोपीकडून नाणं घेतलं आणि माझ्या तळहातावर आपटलं. "घे. तुझी भरपाई."

टाळ्या पडल्या. दंड फिर्यादीला मिळत नसतो, तो सरकारजमा होतो, हे मला माहीत होतं. सरांनाही माहीत होतं. दोघेही गप्प राहिलो. नाणं मी खिशात टाकलं.

मग चहा आला. बबनशेठ स्वतः परात घेऊन आला. सरांना कपबशी, विद्यार्थ्यांना कपबशी. सगळ्यांना देऊन झाल्यावर तो परत गेला आणि माझ्यासाठी एक कप घेऊन आला. कान तुटलेला. त्यावर माझ्याच अक्षरातली चिठ्ठी अजून तशीच होती.

त्याच्या चेहऱ्यावर खोडी नव्हती, राग नव्हता. पाहुण्याला साखर विचारावी तशा आवाजात तो म्हणाला, "घ्या. तुमचा कप मोकळा झाला न्हवं आता?"

मी सरांकडे पाहिलं. त्यांनी पाहिलं होतं. ते बशीत चहा ओतत होते. मी म्हणालो, "सर, हे बघताय ना?"

"आजचा कार्यक्रम प्रबोधनाचा आहे," सर हळू आवाजात म्हणाले. "बाहेर आलोय आपण. राहू दे."

पायरीखालून आबा म्हणाले, "घे बाबा. पावनी मानसं हायेत."

मी चहा जमिनीवर ओतला. कप रुमालात बांधला. वहीचं पान फाडून हकिकत लिहिली: वेळ, जागा, कप कोणी दिला, कोणाला दिला. खाली साक्षीदारांसाठी रेघा मारल्या. पान एकेकापुढे धरलं. कायदा शिकणारे एकवीस जण. एकाने पेन नाही म्हणून सांगितलं. त्याच्या खिशाला पेन होतं. एक म्हणाला, वडिलांना विचारावं लागेल. सरांनी पान वाचलं, एका शब्दाची वेलांटी सुधारली आणि परत दिलं.

मी एकटाच चालत ठाण्यावर गेलो. जमादाराने दोन तास बसवून ठेवलं, मग नोंद घेतली.

दुसऱ्या आठवड्यात पाटलांनी आबांना बोलावून घेतलं. त्यांनी आवाजही चढवला नाही म्हणे. पोराने तडजोड करावी, कायद्यात सोय आहे, आमच्या जयवंतने पुस्तकात दाखवली, एवढंच बोलले. सोय खरंच होती. तेव्हा कोर्टाच्या परवानगीने हा गुन्हा मिटवता येत असे. नाही मिटवला तर पाडव्यापासून दुसरं काम बघ, हे शेवटी.

साल दुष्काळाचं. घरात आई, दोन बहिणी. आबा येऊन उंबऱ्यात बसले. मी तडजोडीचा अर्ज मनात लिहायलाही घेतला होता. खोटं कशाला सांगू, पहिली दोन वाक्यं तयार होती.

आबांनी विचारलं, "त्या पानावर साक्षीदार किती झाले?"

"एक पन न्हाई."

"मग माझं लिही." अंगठा ते आधीच पाण्याने पुसत होते. "चाळीस वरसं त्या कोनाड्यातनं चा पेलो मी. माझ्यावानी साक्षीदार कुटं घावंल तुला?"

खटला खऱ्या कोर्टात उभा राहिला. आबांचा जबाब झाला. सरांचाही झाला: आपण चहा घेत होतो, लक्ष नव्हतं. कप टेबलावर होता. न्यायाधीशांनी बबनशेठला विचारलं, हा कप वेगळा ठेवता का? आपण सांभाळून ठेवतो हे साहेबांना कळावं म्हणून तो अभिमानाने म्हणाला, "व्हय साहेब. दुसऱ्या कुनाला म्हून देत न्हाई त्यात. त्यांचाच हाय त्यो, बापापासनं." आपण काय कबूल केलं ते त्याला शिक्षा ऐकेपर्यंत कळलं नाही.

गावाने त्यानंतर आबांना कामाला बोलावलं नाही. ते आणि आई दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले. कोनाडा मात्र बुजवला गेला. बबनशेठने स्वतः विटा लावल्या.

त्या वर्षी मी ठरवलं ते आजवर मोडलेलं नाही: फिर्यादीची भूमिका पुन्हा करायची नाही. गुन्हा दिसला की फिर्याद द्यायची, मग शेजारी कोण कपबशी घेऊन बसलंय ते बघायचं नाही. आता मीच कायदा शिकवतो, पहिल्या वर्षाची मुलं माझ्यासमोर येतात. त्यांना मी नाटक करू देत नाही. कोरं पान देतो, खाली साक्षीदाराची रेघ मारलेलं, आणि तिथे सही करण्यासारखं गेल्या महिन्यात काय पाहिलंत, ते लिहायला सांगतो. निम्मी पानं कोरी परत येतात. मी ती पुन्हा वाटतो.

हिशोब असा. दंड वीस रुपये, बबनशेठने भरला, सरकारजमा झाला. नाटकातला एक रुपया निकालाच्या दुसऱ्या दिवशी मी भर वर्गात सरांच्या टेबलावर ठेवला. म्हणालो, "हा माझा नाही, सर. दंड फिर्यादीला मिळत नसतो."

सरांनी तो उचलला.