जुळ्या बहिणीचं रक्त

अकोल्यातल्या एका दवाखान्यात मी बावीस वर्षं एक्स-रे काढते आहे. छातीवर लावलेला किरणं मोजायचा बिल्ला दर तीन महिन्यांनी तपासायला जातो आणि उत्तर येतं, किरणं मर्यादेत. मर्यादेत म्हणजे शून्य नव्हे, हे मला ठाऊक होतं. बटण दाबलं की ना वास, ना धग. काहीच न होणाऱ्या त्या क्षणाचीच मला भीती वाटायची.

माझी जुळी बहीण अमरावतीला राजापेठेत शिकवणी घेते. आम्ही हुबेहूब सारख्या. ती घरी आली की मी तिचा चेहरा न्याहाळत बसायची. किरणांशिवाय मी अशी दिसले असते, असं मनात यायचं. डोळ्यांखाली मला जास्त काळं आलंय का? केस कुणाचे जास्त पिकले? एकदा ती चिडलीच.

"अशी पाहत नको जाऊ मले. भेव लागते."

दोन वर्षांपूर्वी एक संशोधक मुलगी आमच्या विभागात आली. वर्षानुवर्षं थोड्या थोड्या किरणांत काम करणाऱ्यांचं रक्त तिला तपासायचं होतं.

"लोखंड गंजतं ना, तसं काहीसं शरीरात सतत चाललेलं असतं," ती म्हणाली. "त्याचा ताण वाढला की त्याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. तुमचं शरीर ते किती आवरतंय, ते बघू."

तुलनेसाठी तिला त्याच वयाची, किरणांशी संबंध नसलेली माणसंही हवी होती. मी बहिणीला फोन केला.

"मले काहून व? मी त मशीनजवळबी गेली नाई कधी."

"म्हणूनच त."

रक्त देऊन मी बाहेर आले आणि बहीण आत गेली. मुलीने मान वर केली. सुई हातातच थांबली.

"ताई, तुमचं तर आत्ताच घेतलं ना?"

बहिणीने हात पुढे केला. त्यावर टोचल्याची खूण नव्हती. मी दारातून पाहत होते. थोड्या वेळाने दोन नळ्या शेजारी शेजारी उभ्या राहिल्या, दोन्हींत तोच गडद रंग. माझी कुठली, ते मला सांगता येईना.

महिन्याभराने तिने मला बोलावून घेतलं. "दोघींपैकी एकीचं ताणाचं प्रमाण बरंच जास्त आलंय."

मी खुर्ची घट्ट धरली.

"तुमचं नाही. त्यांचं."

नळ्या बदलल्या असतील म्हणून तिने दोघींचं रक्त पुन्हा घेतलं. पुन्हा तेच. मग ती म्हणाली, हे काही फक्त किरणांनीच वाढत नाही, त्यांची साखर तपासून घ्या. तपासली, तर भलतीच वाढलेली. बहिणीला पत्ताच नव्हता.

ज्या चेहऱ्यात मी इतकी वर्षं माझी तब्येत शोधली, त्याच्या आत हे मुकाट चाललं होतं. आणि "तुमचं नाही" ऐकलं तेव्हा मला आनंद झाला होता. एका श्वासापुरता, पण झाला होता. ते मी तिला अजून सांगितलेलं नाही.

औषधं सुरू झाली, आता ती बरी आहे. आम्हा एक्स-रेवाल्यांचं सगळ्यांचं मिळून प्रमाण इतरांपेक्षा थोडं जास्तच निघालं. त्याचं पुढे काय होणार, ते त्या मुलीलाही सांगता आलं नाही. साखरेमुळे बहिणीचं नाव तिने यादीतून काढलं आणि माझ्या जोडीला माझ्याच वयाची दुसरी कोणी बाई घेतली.

कोण, कुठली, मी विचारलं. नावं सांगायची नसतात, म्हणाली, आणि तिने फाईल मिटली.