अक्काने आखलेले डोळे

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तिला वाटतं, अक्काने आपणहून कुंचला सोडला — चाळिशी लागली, बारीक दिसेना. तुम्हालाही तसंच वाटलं असतं.

पेणला आमचा गणपतीचा कारखाना आहे, नवरात्रासाठी देवीही घडवतो. वडिलांपासूनची रीत — बायकांनी मूर्ती घासायची, रंग द्यायचा, पण डोळ्यांची आखणी पुरुषानेच करायची. आणि मला, कारखान्याच्या मालकाला, डोळे कधी साधलेच नाहीत. माझा गणपती नुकताच झोपेतून उठल्यासारखा दिसायचा. अक्का माझी मोठी बहीण, ऐन तारुण्यात विधवा होऊन माहेरी आलेली. मागच्या खोलीत दार लावून ती डोळे आखायची आणि नाव माझं व्हायचं. देवीचे डोळे आखताना भीती वाटते का, विचारलं तर हसायची. "देवी बी बाईच हाय ना रे? तिला माझा कसला विटाळ?"

बघा, अजून मुद्द्यावर येत नाहीये मी. सांगतो.

रोह्याच्या एका मंडळाची नवरात्राची देवी होती, शाडूची. गणपतीच्या गडबडीत ती मागे पडली, त्यात पावसाळी हवा, वाळेचना. अक्काने देवीच्या गालाला तळवा लावून पाहिला. "वली हाय अजून. थांब दोन दिस." मी थांबलो नाही. घाई करून तिच्याकडून डोळे आखून घेतले आणि देवी टेम्पोत चढवली. दुसऱ्या दिवशी उजव्या डोळ्यापासून हनुवटीपर्यंत तडा गेला.

घटस्थापना तोंडावर आणि देवी भंगलेली. मंडळाची माणसं कारखान्यात आली, घाबरलेली, चिडलेली. त्यांच्यातल्या म्हाताऱ्याने विचारलं, डोळे कुणी आखले? मूर्ती ओली होती, चूक माझी — एवढं बोलायला किती वेळ लागतो? कारखान्याचं नाव जाईल म्हणून माझी गाळण उडाली. मी म्हणालो, "बहिणीने. माझ्या माघारी."

"तवा ती बाजूला बसलेली व्हती का?"

मी मान हलवली. हो म्हणून.

धडधडीत खोटं. पाळी कसली, डोळे आखले त्याच सकाळी तिने आमच्या देवघरात दिवा लावला होता, मी पाहिला होता. अक्का तिथेच उभी होती, हातात पॉलिशपेपर घेऊन. आठ-दहा पुरुष तिच्याकडे बघत होते. देवीला आई म्हणणारे आम्ही सगळे! अक्काने पॉलिशपेपर खाली ठेवला. तिने त्यांना हात जोडून माफी मागितली — माझ्या चुकीची. मग सगळे कुंचले धुऊन माझ्यापुढे आणून ठेवले.

चौदा वर्षं झाली. आता डोळे आखायला बाहेरून कारागीर येतो. अक्का अजून मला जेवायला वाढते. कितीदा वाटतं, ताटावरून उठावं आणि तिचे पाय धरावेत. मी भात कालवतो.

यंदा माझ्या मुलीने हौसेने कुंचला उचलला. हात अक्कावर गेलाय तिचा. पहिली भुवई काढायच्या आतच अक्का पुढे झाली आणि तिच्या हातातून कुंचला काढून घेतला.

"नको गो बाय. आपल्याला चालत नाय."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी रंग ढवळत राहिलो.