बाराव्या पाकळीतला पक्षी

मंडळी, आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. आमच्या गल्लीत कोणाच्या अंगात आलं की मी चहा ठेवायच्या निमित्ताने घरात निघून येते. तरी हे लिहितेय, कारण मुलगी म्हणाली, सगळ्यांना तोंडी सांगत सुटलीयस, त्यापेक्षा एकदा लिहूनच काढ.

तर मी नाशिकला इंदिरानगरात राहते. रो-हाऊस आहे, दारापुढे शहाबादी फरशीचं छोटंसं अंगण. माझी शाळा सातवीपर्यंतच. पण आमची मुलगी अनघा जुन्या दगडी इमारतींची दुरुस्ती शिकली, फ्रान्समधल्या एका गावी आठशे वर्षं जुन्या चर्चच्या कामाला लागली, आणि मग मलाही नाद लागला. लायब्ररीतून पुस्तकं आणते, व्हिडिओ बघते. आता मला विचारा — एवढ्या उंच भिंती, त्यांत एवढ्या मोठाल्या खिडक्या, मग छताचा भार पेलतं कोण? तर बाहेरून दगडी कमानींचे टेकू दिलेले असतात, ते! एकेक चर्च बांधताना तीन-तीन पिढ्या खपल्या म्हणे...

अनघाच्या चर्चला दर्शनी भिंतीत एक भली मोठी गोल खिडकी आहे. दगडाची जाळी, बारा पाकळ्या, आत रंगीत काचा. खालची एक पाकळी कधीकाळी फुटली आणि कोणीतरी ती विटांनी बुजवून टाकली. ती पुन्हा घडवायचं काम अनघाकडे आलं. तिचं पहिलं स्वतंत्र काम. बाकी अकरा पाकळ्यांत तीन-तीन पानं कोरलेली. तिचे साहेब म्हणजे जन्मभर दगड घडवलेला म्हातारा माणूस. ते म्हणाले, बारावीही तशीच कर, चार दिवसांनी दगड कापायला घेऊ. पण हिला शंका. कडेला जुन्या जाळीचे जे खुंट उरले होते, ते तीन पानांशी जुळत नव्हते. जुनं चित्र नाही, फोटो नाही. आणि दगड एकदा कापला की कापला. चुकलं तर पुढे हिच्या हाती कोण काम देणार?

पाडव्याच्या आदल्या दिवशी फोनवर रडकुंडीला आली होती. मी म्हटलं, खिडकीचा फोटो पाठव, उद्या दारात तीच रांगोळी काढते. तेवढंच तिला बरं वाटेल, बाकी काही मनात नव्हतं.

सकाळी सात वाजता गेरू लावला, खडूला दोरी बांधून गोल काढले. अकरा पाकळ्या फोटोत बघून झाल्या. बारावीच्या जागी फोटोत विटा, म्हणून तिथेही तीन पानंच काढायची ठरवली होती. चिमूट उचलली... आणि पुढचं सगळं आठवतंय, पण ते मी केलं असं वाटत नाही. भीती बिलकुल नव्हती. साडीची घडी घालताना दुसरं टोक कोणी धरलं की कसं हलकं वाटतं, तसं वाटत होतं. बघते तर दोनच पानं, आणि त्यांच्या मधे मान मागे वळवून बसलेला पक्षी! मला पक्षी काढता येत नाही हो. जन्मात काढलेला नाही.

शेजारच्या सुलभाताई कडुनिंबाचा डहाळा द्यायला आल्या होत्या. म्हणाल्या, "अकरा जणी शहाण्या आणि ही बारावी कुठे हिंडायला गेली? पुसा, नीट करा."

एरवी पुसलीच असती. पण पाडव्याला दारात पडलेली रेघ पुसायची नाही, ही आमच्या सासूबाईंची शिस्त. चुकली तरी हळद-कुंकू वाहायचं आणि उठायचं. मी तेच केलं आणि फोटो पाठवून दिला.

दुपारी श्रीखंड वाढत होते, तेवढ्यात फोन. पाडव्याच्या शुभेच्छा नाहीत, काही नाही.

"आई, हा पक्षी तुला कोणी सांगितला?"

"कोणी नाही गं. हातून झाला."

"खुंट जुळताहेत. दोन पानं, आणि मधे एवढीच जागा."

आता साहेबांना काय सांगणार, आईने रांगोळीत काढलंय? तिने नुसते दोन दिवस मागून घेतले. घंटेच्या मनोऱ्यात जिन्याखाली फुटक्या दगडांचा ढीग होता, वर्षानुवर्षं कोणी न हलवलेला. एकेक दगड उलटून पाहिला पोरीने. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तळहाताएवढा तुकडा सापडला. मान मागे वळवलेला पक्षी. खुंटाला लावला तर तुटीला तूट बसली. साहेब चष्मा काढून पायरीवरच बसले. मग तिने त्यांना माझ्या रांगोळीचा फोटो दाखवला. त्यांनी तो बोटांनी मोठा करून बघितला आणि म्हणाले, "आईला विचार, शेपटी एवढीच होती ना? आपल्या तुकड्यात ती तुटलीय."

ती शेपटी माझ्या रांगोळीवरून कोरलीय, मंडळी.

आमचे हे म्हणतात, योगायोग. असेल. पण नुसता पक्षी योगायोगाने आला म्हणावं, तर वळलेली मान कुठून आली? फोनमधले सगळे फोटो आम्ही दोघींनी पुन्हा पाहिले. त्या ढिगाचा एकही नाही, असणार तरी कसा? मी विचार करणं सोडून दिलंय.

पाकळी बसली. अनघाला आता पुढच्या चर्चचं काम मिळालंय आणि ती मला बोलावतेय. परवा पासपोर्टच्या चौकशीला पोलीस घरी आले होते. विचारलं, आजी, एवढ्या लांब कशासाठी? मी म्हटलं, एक खिडकी बघायची आहे. ते हसले, आणि कारणापुढे त्यांनी लिहिलं — मुलीकडे.