चूक कोणाची, ते बाईला विचारा

माझ्या साडूभाऊंइतका सरळ माणूस अख्ख्या वऱ्हाडात दुसरा नसेल, आणि त्यांच्या सरळपणापायी माझ्या जेवढ्या सुट्ट्या वाया गेल्या तेवढ्या माझ्या वर्गातल्या सगळ्या उनाड कार्ट्यांनी मिळूनही घालवल्या नाहीत. ते अकोल्याचे, मी अमरावतीचा मास्तर. दोन सख्ख्या बहिणींनी आम्हाला एकमेकांच्या गळ्यात बांधलं. तीस वर्षं त्यांनी स्वतःचा ट्रक स्वतः चालवला. जिनिंगच्या कारखान्यातून कापसाच्या गाठी उचलायच्या नाहीतर सरकीची पोती, आणि अकोला-अमरावती करत राहायचं. ट्रकला ते 'बाई' म्हणत, आणि बाईला सांगितल्याशिवाय काही म्हणजे काही करत नसत. "दुसरा गियर टाकला बाई." "खड्डा हाये, अंग सांभाळ." "हा एसटीवाला घाईत दिसते, जाऊ दे त्याले." एकदा मी त्यांच्या शेजारी बसून अमरावतीला आलो. साडेतीन तासांत मला वाटलं, ते माझ्याशी चार वाक्यं बोलले. चारही बाईला होती. मी मूर्खासारखी उत्तरं देत होतो.

तो काळच असा होता की चूक कोणाची यावर जो तो बोलायचा. कापूस बुडाला की चूक आमच्या माणसाची. बियाणं वांझोटं निघालं, तरी चूक आमच्याच माणसाची. जिनिंग बंद पडली तर म्हणे वऱ्हाडी माणूस आळशी! पुण्याकडचे एक पाहुणे आमच्या घरी भाऊंना म्हणाले, "तुमच्याकडे नियोजनच नाही हो." भाऊंनी बशीतला चहा संपवला आणि म्हणाले, "हौ ना जी. पाऊस कवा पाडाचा तेच आमी ठरवलं नाही." पाहुण्यांना ते खरंच वाटलं की काय कोण जाणे, त्यांनी मान डोलावली.

अशा माणसावर मूर्तिजापूरच्या रेल्वे फाटकापाशी पाळी आली. फाटक बंद, बाई उभी. पुढच्या कारवाल्याला वळून परत जायचं होतं. त्याने गाडी मागे घेतली ती सरळ बाईच्या बंपरवर. झालं! मोठी गाडी म्हणजे तिचीच चूक, हा आपल्याकडचा कायदा. पन्नास माणसं जमली. एकाने भाऊंची कॉलर धरली. आणि भाऊंनी, ज्यांनी उभ्या जन्मात सासऱ्याचंही ऐकलं नाही, त्यांनी हात जोडून माफी मागितली. मला कळलं तेव्हा मी संतापलो. म्हटलं, "भाऊ, तुम्ही माफी मागितलीच कशी?" ते खाली बघत म्हणाले, "गाडीत कापूस होता मास्तर. लोकायचा. पन्नासातल्या एकानं बिडी फेकली असती तं?" मग म्हणाले, "बाईसमोर मागा लागली माफी. तिले तं मालूम हाये ना, चूक नोती म्हून."

पुढचे चार महिने त्यांना नीट जेवण गेलं नाही. नुकसानभरपाई नको, त्या माणसाला शिक्षा नको. फक्त कोणीतरी परक्या माणसाने तोंडाने म्हणावं, की चूक ड्रायव्हरची नव्हती. पण म्हणणार कोण? साक्षीदार म्हणून बाईला कोण बोलावणार? तेव्हा कुठूनतरी त्यांना कळलं, की काचेला लावायचा कॅमेरा मिळतो आणि तो सगळं बघून ठेवतो.

माझी दिवाळीची सुट्टी नुकतीच लागलेली. ती सगळी कॅमेरा निवडण्यात गेली. अकोल्यातलं एक दुकान भाऊंनी सोडलं नाही. मोबाइल घेताना लोक फोटो काढून बघतात. भाऊंनी कॅमेऱ्याची उलटतपासणी घेतली. कॅमेरा काउंटरवर ठेवायचा, मला त्याच्याशेजारून रस्त्याकडे बघायला लावायचं आणि मग पाठमोरं उभं करून विचारायचं, "मास्तर, ते हिरव्या लुगड्याची बाई गेली तिच्या कोन्या हातात थैली होती?" मी म्हणायचो उजव्या. मग पडद्यावर बघायचं, थैली डाव्या. अकरा कॅमेऱ्यांसमोर मी अकरा वेळा नापास झालो. एक कॅमेरा गोड आवाजात सूचना द्यायचा. तो भाऊंनी तिथल्या तिथे परत केला: "बाईच्या घरात दुसरी बोलनारी नाही पायजे."

शेवटी शकीलभाईंनी सोडवलं. शकीलभाई म्हणजे ट्रकचं वायरिंग करणारा, भाऊंच्या बरोबरीचा आणि त्यांच्याइतकाच चिकट माणूस. ते म्हणाले, "भाऊ, दो कॅमेरेवाला लो. एक रस्त्याकडे, एक तुमच्याकडे."

"माह्याकडे काहून? चूक रस्त्यावर होते. माह्या तोंडावर काय पाह्यते तो?"

"बरं, एकच लावतो. आवाज बंद करू काय?"

"राहू दे. त्याले बी समजलं पायजे, गाडी कोन चालवून राह्यला."

मग जागेच्या वादात दुपार गेली. काचेच्या मधोमध देवीचा फोटो. कॅमेऱ्याला तीच जागा हवी. भाऊ म्हणाले, देवी हलणार नाही. शकीलभाई स्टुलावर उभे राहून म्हणाले, "अरे, देवी को हटाओ कौन बोल रहा? तिच्या बाजूले बसवतो. दोघंही पाह्यतील." तार छतातून अशी नेली की कुठे दिसू नये. पडदा डोळ्यांना टोचतो म्हणून भाऊंनी तो बंद करायला लावला. आणि नवीन वस्तू गाडीत आली म्हणून आमच्या मेहुणीबाई, म्हणजे भाऊंच्या पत्नी आणि सगळ्यांच्या ताई, आरती घेऊन केबिनमध्ये चढल्या. नारळ फोडला, फूल वाहिलं, आणि तेलात कालवलेल्या हळदकुंकवाचं चांगलं ठसठशीत बोट कॅमेऱ्याला लावलं. शकीलभाई ओरडले, "ताई, वो उसकी आँख है!" ताई म्हणाल्या, "मंग कपाळ कुठी हाये त्याले?" पुसायचं म्हटलं तर ताईंच्या हातचं कुंकू पुसतं कोण! राहिलं ते तसंच.

तीन आठवड्यांनी मला पोलीस ठाण्यातून फोन. बडनेऱ्याच्या अलीकडे एक कार बाईला घासली होती. कारवाल्याची तक्रार अशी, की ट्रकने चालता चालता अंगावर गाडी घातली. मी पोचलो तेव्हा फौजदार म्हणत होते, "काका, यांची माफी मागा, मिटवून टाका. नाहीतर लायसन जमा करावं लागेल." भाऊंचे दोन्ही हात पाठीमागे होते, एकमेकांत घट्ट. "लायसन घ्या साहेब. हात नाही जोडत मी. एक डाव जोडले. माहा साक्षीदार आनला हाये, त्याले पाहा."

कॅमेऱ्यातलं कार्ड संगणकात घातलं. पडद्यावर लालपिवळं काहीतरी. रस्ता नाही, कार नाही, नुसतं कुंकू! कारवाला मोठ्याने हसला. मला तर धरणी दुभंगावी असं झालं. भाऊ तेवढे पडद्याकडे बघत उभे. आणि आवाज सुरू झाला.

"थांबलो बाई. बकऱ्या हायेत. गियर काढला. हँडब्रेक ओढला. बस आता निवांत." घंटांचा किणकिणाट. "बारा... तेरा... मांगं एक लंगडी हाये, येऊ दे तिले." मागून लांबलचक हॉर्न. "आता हा कुठी घुसून राह्यला बाप्पा? जागा नाही ना रे!" मग पत्र्याचा कर्रर्र आवाज. मग दार आपटलं, आणि कारवाल्याचाच आवाज, कोणावर तरी खेकसणारा: "मला काय माहीत ट्रक उभा आहे म्हणून!"

कारवाला रुमाल शोधायला लागला. फौजदारांनी ते वाक्य पुन्हा लावलं, आणि म्हणाले, "चूक ड्रायव्हरची नाही."

मी सुटकेचा श्वास टाकला. भाऊ कुठले हलतात! "साहेब, उपकार करा. हे इथी नोका म्हनू. खाली गाडीपाशी चाला, कॅमेरा चालू करतो, तिथी म्हना." फौजदार भला माणूस. टोपी घालून खाली आला, कार्ड परत बसेपर्यंत थांबला आणि बाईच्या काचेसमोर उभा राहून शाळेतल्या मुलासारखं ते वाक्य स्वच्छ म्हणाला.

आता गुडघ्यांनी दगा दिला म्हणून भाऊंनी ट्रक विकला, कॅमेरा तेवढा काढून ठेवला. घरी कोणीही गेलं की चहाच्या आधी ते फौजदारांचं वाक्य ऐकवतात आणि लगेच बंद करतात. मागच्या वेळी ते हात धुवायला उठले आणि बंद करायचं राहून गेलं. त्या लाल पडद्यातून फौजदारांचे बूट लांब जाताना ऐकू आले. केबिनचं दार लागलं. मग भाऊंचा आवाज, मी कधीच न ऐकलेला, अगदी हळू: "आयकलं काय बाई? आपली चूक नोती."

भाऊ ओल्या हातांनी दारात उभे होते. मी बंद करायला हात पुढे केला, तर म्हणाले, "राहू द्या मास्तर. पुढं बाई चालू होते. इंजिनचा आवाज हाये."