कादर मियाँ काय म्हणत होते

मी वकिलाच्या घरातला. आमच्या हैदराबादेतल्या चिक्कडपल्लीच्या घरी कुणी भुताखेतांचा विषय काढला, तर वडील हसून दुसरंच काही बोलायला लागायचे, आणि मीही त्यांचाच मुलगा. तरी हे लिहितोय... चाळीस वर्षं होत आली, आता सांगून टाकावं.

निजामाचं राज्य संपवणारी पोलीस अ‍ॅक्शन होऊन पाच-सहा महिने झाले होते. एका जागीरदारांचे वारस कराचीला निघाले होते आणि हवेलीतली लायब्ररी विकायला काढली होती. कॉलेजात मला फ्रेंच होतं, म्हणून युरोपियन पुस्तकांची यादी करायचं काम माझ्याकडे आलं. त्यात एक हस्तलिखित होतं — कातड्याच्या पातळ पानांवर लिहिलेली फ्रेंच प्रार्थनांची पोथी, पाचेकशे वर्षांपूर्वीची. जागीरदारांनी ती तरुणपणी पॅरिसला हौसेनं घेतलेली. त्यांना स्वतःला फ्रेंच येत नव्हतं. ती सांभाळायचे ते लायब्ररीचे कादर मियाँ. वय साठीच्या पुढे. उर्दू-फारसी पक्की, इंग्रजी सहीपुरतं. फ्रेंचचा गंध नाही.

मुंबईहून व्यापारी आला. "अख्खी पोथी कोण घेणार? सुटी पानं फ्रेममध्ये लगेच जातात," म्हणाला, आणि भर दुपारी दिवाणखान्यातल्या टेबलावर चाकू काढला. पानं सरळ धरायला त्यानं मला सांगितलं. मी धरली.

कादर मियाँ दारात उभे होते. "साब, नक्को करो," एवढंच म्हणाले. कुणी ऐकलं नाही. मीही नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांची मुलगी जैनब मला शोधत हवेलीत आली. "अब्बा को बुखार है. क्या बोल रहे, समझ में नहीं आ रा. आप चलके देखो."

अंबरपेठेत त्यांचं दोन खोल्यांचं घर. सकाळचे दहा-अकरा वाजले असतील. कादर मियाँ खाटेवर पडलेले, डोळे मिटलेले — आणि फ्रेंच बोलत होते. तुटक शब्द नव्हेत, सलग. आज फ्रेंच लोक शब्दाच्या शेवटची जी अक्षरं गिळतात, ती ते जुन्या काळच्या फ्रेंचसारखी एकेक स्पष्ट उच्चारत होते. मला माझ्याच कानांचा भरवसा वाटेना. यादीची वही हातात होती, तिच्यातच जमेल तसं उतरवत बसलो. मध्येच एक ओळ ते दोनदा म्हणाले आणि पुढे गेले.

"क्या बोल रहे?" जैनबनं विचारलं.

"दुआ है," मी म्हणालो. ते खरंच होतं.

संध्याकाळच्या अजानच्या आधी कादर मियाँ गेले.

वीसेक वर्षांनी एका परदेशी लिलावाच्या कॅटलॉगमध्ये त्या पोथीतल्या एका पानाचा फोटो दिसला. मी वही काढली. मजकूर तोच... आणि लिहिणाऱ्यानं चुकून एक ओळ दोनदा लिहिलेली, अगदी त्याच जागी. यादीसाठी मी पोथीचं फक्त पहिलं पान वाचलं होतं. बाकीची पानं कापली जात असताना धरली होती, पण तेव्हा माझी मान खाली होती आणि नजर चाकूवर.

एक प्राध्यापक मित्र म्हणाले, "हवेलीत एखाद्या पाहुण्यानं वाचून दाखवलं असेल, त्यांच्या कानात राहिलं असेल." असेलही. पण मोठ्यानं वाचणारा माणूस चुकून दोनदा लिहिलेली ओळ दोनदा कशाला वाचेल? आणि ते जुने उच्चार... ते कुणाकडून ऐकले?

कॅटलॉग घेऊन मी अंबरपेठेत गेलो होतो. त्या घरात दुसरेच लोक राहत होते. जैनब कुठे गेली, त्यांना ठाऊक नव्हतं. ज्याला विचारावं असं आता कुणी उरलेलं नाही.