अंगाऱ्याने दुखणं थांबलं नव्हतं

मारुतीच्या देवळात कोणी माझी गोष्ट सांगायला लागलं की आता डोकं उठतं. पसरवली मीच, म्हणून पुसायचं कामही माझंच. पण लोक पुसूच देत नाहीत.

चार वर्षांपूर्वी पत्नीच्या पोटाचं मोठं ऑपरेशन नागपूरला झालं. आदल्या दिवशी भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी आम्हा दोघांना बसवून समजावलं. नंतरचं दुखणं कमी करायचे दोन मार्ग. मणक्यात एकच इंजेक्शन, त्यात किंचित मॉर्फिन. आराम साधारण दिवसभर, पण खाज सुटते, मळमळतं. नाहीतर मणक्याजवळ बारीक नळी ठेवून दोन-तीन दिवस औषध; मात्र बीपी उतरू शकतं, पाय जड होतात, लक्ष ठेवावं लागतं. पत्नी तोंड उघडायच्या आत मीच म्हणालो, "दोन्ही नको. आमचा मारुती पाहून घेईल." पाठीत सुई गेली की जन्माची कंबर जाते, असं पांढुर्ण्याच्या बाजारात ऐकलं होतं, तेवढीच माझी विद्या. मुलीला तिच्याजवळ ठेवून मी नवस बोलायला गावी निघून आलो.

ऑपरेशननंतर अंगारा घेऊन परतलो, तर ती उशीला टेकून बसलेली, न कण्हता चांगली खोकून छाती मोकळी करत होती. मी अंगारा लावला, गहिवरलो. नर्सने तिला कुशीवर वळवलं तेव्हा पाठीवर चिकटपट्टीखाली नळी दिसली. पत्नी शांतपणे म्हणाली, "तुम्ही गेल्यावर डॉक्टरबाई पुन्हा आल्या. म्हणाल्या, दुखणार तुम्हाले, तं सांगा तुम्हीच. मी सांगितलं." हे ऐकूनही गावात मी अंगाऱ्याचीच गोष्ट सांगितली, आणि सांगतच राहिलो.

परवा आमच्या भजनातले रामाकोना गावचे वसंतराव बायकोला घेऊन अंगारा न्यायला घरी आले. तिचंही पोटाचंच ऑपरेशन. "डॉक्टरले सांगून टाकलं, नळीबिळी नको. वहिनीचं झालं तसंच हिचं होईन." मी लगेच म्हटलं, अंगाऱ्यानं काही थांबलं नव्हतं, नळी होती. तर हे हात जोडतात, "भाऊ, केवढा नम्रपणा तुमचा!" तीनदा सांगितलं, तीनदा पाया पडले. शेवटी ओरडलो, "अहो, खोटं बोलून राहिलो होतो मी!"

"देव अशीच परीक्षा घेते," वसंतराव म्हणाले.

तेवढ्यात पत्नी चहा घेऊन बाहेर आली आणि सरळ त्यांच्या बायकोजवळ बसली. "बाई, तुले काय पाह्यजे?"

ती पदर चोळू लागली. मग म्हणाली, "मले दुखण्याचं लय भेव वाटते. डॉक्टरले मीच विचारीन पुन्हा."

वसंतरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी या वेळी त्यांना बायकोकडेच बघायची खूण केली.

जाताना त्यांनी अंगाराही नेला, नेऊ द्या. त्या दिवशी मारुती नागपूरला होता की नाही, मला ठाऊक नाही. मी नसताना एक परकी बाई माझ्या बायकोला पुन्हा विचारायला आली, एवढं ठाऊक आहे, आणि त्यासाठी रोज हात जोडतो. देवावर सोपवलं म्हणून मी मिरवलो, पण सोपवलं होतं ते तिचं दुखणं. माझा हेका तेवढा मी स्वतःजवळ ठेवला होता.