गोचीड नसलेलं कापड

माघातला रविवार. हजर: मी, धाकटी जाऊ सुमन, शेजारच्या शांताकाकी.

काजू वेचण्याआधी आम्ही बागेत जमिनीवरून पांढरं कापड ओढतो; गोचीड असले तर त्याला चिकटतात. गेल्या वर्षी गोचीड चावून सुमनला माकडताप झाला, जेमतेम वाचली. तेव्हापासून आम्ही पालापाचोळा काढतो, गुरं बाहेर ठेवतो. आज कापड कोरं निघालं.

“माझ्या जावयाच्या धोतरापेक्षा स्वच्छ गो!” काकी म्हणाल्या. बागेत यायला घाबरणारी सुमन खळखळून हसली.

शेजारच्या जुन्या, दाट राईतही कापडाला दोनच चिकटले. जंगल आपलं वैरी नाही. आपण ते तोडून अर्धवट सोडतो, तिथं वाढणाऱ्या झुडपांत गोचीड माजतात. बाग आम्ही तिघींनी राखली, याचा अभिमान वाटतो.

राईच्या कडेचा झुडपी पट्टा मात्र साफ करायचा राहिलाय. सुमनची बागेत यायची वाट तिथूनच जाते.